गोठ्यातला दिवा आणि हातचे व्होल्ट

आजरा तालुक्यातल्या माझ्या मामांच्या गोठ्यात एक एलईडी दिवा आहे. गेल्या डिसेंबरात त्या दिव्याने जे वर्तन केले त्याचे कारण शोधायला मला दोन पहाटा आणि घरच्या टेबलावरची एक संध्याकाळ लागली. कारण सापडल्यावर ते इतके सरळ निघाले की आधीच्या दोन दुरुस्त्या का फसल्या हेही त्यातच कळले. बॅटरीवर चालणाऱ्या दिव्यांचे काम करणाऱ्याला हे प्रकरण केव्हा ना केव्हा भेटतेच, म्हणून ते आकड्यांसह लिहून ठेवत आहे.

मांडणी साधी होती. घराच्या पत्र्यावर सौर पॅनेल, खाली चार्ज कंट्रोलर आणि १२ व्होल्टची, चार वर्षे वापरलेली शिसे-आम्ल बॅटरी. तिथून २० मीटर अंतरावरच्या गोठ्यापर्यंत १ चौरस मिलिमीटरची दुहेरी वायर ओढलेली. वायरीच्या गोठ्याकडच्या टोकाला दिवा, आणि त्याच टोकावरून जोड घेऊन लावलेले कुंपणाचे झटका मशीन. त्या भागात गवा आणि रानडुक्कर रात्री उसात आणि मक्यात शिरतात, त्यामुळे झटका मशीन संध्याकाळपासून उजाडेपर्यंत चालू असते आणि साधारण दर सेकंदाला एकदा ‘टक्’ असा आवाज करत राहते. दिव्यात पांढऱ्या प्रकाशाच्या तीन पॉवर एलईडी एकसर जोडणीत होत्या आणि त्यांच्यामागे एलईडीचा प्रवाह ठरलेला ठेवणारे नखाएवढे ड्रायव्हर मोड्यूल होते.

तक्रार मामींची होती, आणि ती त्यांनी इतकी नेमकी सांगितली की मी ती तेव्हाच कागदावर उतरवून घ्यायला हवी होती. “संध्याकाळी काय बी होत नाही. पहाटं साडेतीनला धारा काढायला म्हणून लावला की डोळं मिचकावतोय, मधीच शिट्टी मारतोय, आणि दुसऱ्या म्हशीखाली बसंस्तोवर गप गुमान जळतोय.” आदल्या दिवशी आभाळ असेल तर मात्र तो शेवटपर्यंत मंदच राहायचा. गावातल्या वायरमनने आधी एलईडीची पट्टी बदलली होती, नंतर ड्रायव्हर बदलला होता. दोन्ही वेळा दोन-तीन दिवस सुधारणा वाटली आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ते दिवस लख्ख उन्हाचे होते हे त्या वेळी कोणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते.

पेटवल्यावर लुकलुकणारा आणि तापल्यावर शांत होणारा दिवा म्हटले की कोणाच्याही मनात पहिल्यांदा सैल सांधा येतो. माझ्याही आला. पहिल्या पहाटे मी सगळे स्क्रू आवळले, दोन सांधे नव्याने डाग दिले, आणि त्यानंतरही दिवा तसाच डोळे मिचकावत राहिलेला पाहिला. मग थंडीत स्टुलावर बसून नुसते पाहत राहिलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली: दिव्याचे मिचकावणे आणि झटका मशीनची टक्‌टक् एका तालात होती. सैल सांधा असा ताल धरत नाही.

दिव्याच्या अग्रांवर मीटर लावला. वायरीची जाण्या-येण्याची मिळून ४० मीटर लांबी, आणि तिचा रोध सुमारे ०.७३ ओहम. झटका मशीन प्रत्येक झटक्यानंतर आतला कपॅसिटर पुन्हा भरून घेताना क्षणभर साधारण अर्धा अँपिअर ओढत होते, त्यामुळे गोठ्याच्या टोकाला दर सेकंदाला पाव व्होल्टाहून जास्त घट येत होती. पण ही घट संध्याकाळीही तेवढीच असणार आणि संध्याकाळी दिवा ढिम्म हलत नाही. ड्रायव्हर असतोच मुळी अशा चढउतारांपासून एलईडीला वाचवण्यासाठी. म्हणजे प्रश्न असा होता की पहाटे ड्रायव्हर आपले काम का सोडून देतो.

दुसऱ्या दिवशी मोड्यूल उघडून घरी आणले. आत पीटी४११५ या प्रसिद्ध चिपच्या धाटणीची, पण वरचा छाप खोडलेली पाच पायांची चिप, ४७ मायक्रोहेन्रीची कॉइल, प्रवाह मोजण्यासाठी ०.१५ ओहमचा सेन्स रेझिस्टर, एक शॉटकी डायोड, आणि आत शिरणाऱ्या तारांपाशी एसीचे डीसी करणारा चार डायोडांचा पूल होता. मोड्यूलच्या पाकिटावर ‘६ ते ३० व्होल्ट’ असे छापलेले होते. या एका ओळीने जितक्या लोकांना फसवले आहे तितके क्वचितच दुसऱ्या कशाने फसवले असेल. त्या ओळीचा अर्थ एवढाच, की ६ व्होल्टला चिप जागी असते आणि ३० व्होल्टला ती जळत नाही. मधल्या प्रत्येक दाबाला, म्हणजे व्होल्टेजला, एलईडीला ठरलेला प्रवाह मिळेल असे ती ओळ म्हणत नाही, आणि म्हणू शकणारही नाही, कारण पुढे किती एलईडी लावणार हे तिला माहीतच नसते.

हा ड्रायव्हर बक जातीचा, म्हणजे दाब उतरवणारा. तो दाब वाढवू शकत नाही. चिपमधला स्विच चालू झाला की प्रवाह सेन्स रेझिस्टर, एलईडी, कॉइल आणि स्विच असा वाहतो आणि वाढत जातो. सेन्स रेझिस्टरवर ०.११५ व्होल्ट दिसले की चिप स्विच बंद करते. मग कॉइलमधला प्रवाह डायोडवाटे फिरत उतरू लागतो आणि ०.०८५ व्होल्ट दिसले की स्विच पुन्हा चालू होतो. या दोन मर्यादांमधला मध्य म्हणजे ०.१ व्होल्ट. ०.१५ ओहमच्या रेझिस्टरला त्याचा अर्थ ०.६७ अँपिअर सरासरी, आणि ०.५७ ते ०.७७ अँपिअर असा झोका. या पद्धतीला हिस्टरेटिक म्हणतात. तिच्यात घड्याळ नसते. वारंवारिता कोणी ठरवून देत नाही, ती प्रवाहाच्या चढण्याउतरण्याच्या वेगातून आपोआप ठरते, आणि या प्रकरणाची किल्ली नेमकी तिथेच आहे.

उतरण्याचा वेग जवळजवळ कायम राहतो, कारण त्या वेळी कॉइलवर एलईडीचा आणि डायोडचा मिळून जवळपास ११ व्होल्ट उलटा दाब असतो, मग बॅटरी काही का असेना. त्याला ०.९ मायक्रोसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. चढण्याचा वेग मात्र आत येणाऱ्या दाबातून एलईडीचा दाब आणि वाटेतली गळती वजा जाता जे उरते त्यावर ठरतो. तीन एलईडींवर तापल्यानंतर १०.२ व्होल्ट पडत होते, आणि स्विचचे ०.६, कॉइलचे ०.१५ व सेन्सचे ०.१५ असे मिळून ०.९ ओहम म्हणजे ०.६७ अँपिअरला आणखी ०.६ व्होल्ट. चिपच्या पायाला १३ व्होल्ट मिळत असतील तर कॉइलला ढकलायला २.२ व्होल्ट उरतात. ११.२ व्होल्ट मिळत असतील तर फक्त ०.४. बेरजेत आपण हातचा धरतो तसा हा उरलेला दाब. मी त्याला हातचे व्होल्ट म्हणतो.

घरच्या टेबलावर बॅटरीऐवजी दाब बदलता येणारा पुरवठा लावून, दाबाचे चढउतार पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपचे टोक स्विचच्या पायावर ठेवून, तीच परिस्थिती सावकाश उभी केली. चिपला १३ व्होल्ट असताना वारंवारिता १९५ किलोहर्ट्झच्या आसपास होती. ११.५ ला ती ६८ वर आली, ११.२ ला ३८ वर. इथपर्यंत एलईडीचा प्रवाह बघणाऱ्याला काही कळले नसते, तो जागचा हललेला नव्हता. ११.०५ व्होल्टला वारंवारिता २० किलोहर्ट्झच्या खाली घसरली आणि टेबलावर शिट्टी ऐकू आली. मामींची शिट्टी ती हीच. माणसाच्या कानाची वरची मर्यादा साधारण २० किलोहर्ट्झ, आणि तिच्याखाली आल्यावर कॉइलच्या फेराइट गाभ्याची आणि तिच्या वेढ्यांची थरथर कानाला कळते. आवकेवरचा सिरॅमिक कपॅसिटरही सूर धरतो, कारण त्याचा पदार्थ दाबाच्या चढउताराबरोबर किंचित आकार बदलतो. लाकडी काडीने कॉइल हलकेच दाबली तर सूर बदलत होता, कपॅसिटर दाबला तर आवाज थोडा बसत होता, म्हणजे गाणारे दोघेही होते.

ही शिट्टीची पट्टी किती अरुंद आहे हे पाहून मला स्वतःलाच आश्चर्य वाटले. ११.०५ व्होल्टला ती सुरू झाली आणि ११.० ला संपली, म्हणजे जेमतेम ५० मिलिव्होल्ट. त्याखाली वरची मर्यादा कधी गाठलीच जात नाही. प्रवाह ०.७७ अँपिअरच्या दिशेने चढत जातो आणि त्याच्या जरा अलीकडेच रोधांमुळे थांबतो, त्यामुळे चिपला स्विच बंद करण्याचे कारण मिळत नाही आणि स्विच कायमचा चालू राहतो. पडद्यावरचा चढउतार नाहीसा होऊन सपाट रेघ उरते. त्या क्षणी ड्रायव्हर हा ड्रायव्हर राहत नाही, तो मालिकेत जोडलेला ०.९ ओहमचा रोध होतो. त्यानंतर बॅटरी जे करील ते एलईडी करते. बॅटरी उतरली तर दिवा मंदावतो, आणि झटका मशीनने पाव व्होल्ट खेचले तर एलईडीचा प्रवाह क्षणभर ०.१३ अँपिअरने, म्हणजे सहाव्या हिश्शाइतका पडतो. सेकंदाला एकदा होणारी एवढी घट डोळा चुकवत नाही.

इथे एक गंमत आहे आणि ती मोजमाप नीट न करणाऱ्याला हमखास चकवते. नियंत्रण सुटण्याच्या अगदी काठावर दिवा मंद न होता किंचित उजळतो. हातचे व्होल्ट भरपूर असतात तेव्हा प्रवाह दोन मर्यादांमध्ये सरळ रेषेत खालीवर होतो आणि सरासरी बरोबर मध्यावर, ०.६७ वर बसते. काठावर आल्यावर चढण वाकडी होते: सुरुवातीला जलद, शेवटी अगदी रेंगाळत. प्रवाह आपला बराच वेळ वरच्या मर्यादेपाशी घालवतो, त्यामुळे सरासरी ११.०५ व्होल्टला ०.७० वर, ११.० च्या जवळ ०.७२ वर जाते, आणि स्विच कायमचा चालू झाला त्या घडीला ती ०.७७ ला टेकते. ठरवलेल्यापेक्षा १५ टक्के जास्त! त्याच्या खाली मग उतरण सुरू होते. एलईडीला उष्णता बाहेर टाकण्याची वाट अगदी बेताची ठेवलेली असेल तर हे १५ टक्के हिशेबात धरायला हवेत.

आता संपूर्ण बेरीज मांडता येत होती. काठावर चिपला ११.० व्होल्ट लागतात. त्याआधी डायोडांचा पूल आहे. ही मोड्यूले मुळात १२ व्होल्टच्या एसी ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या छोट्या स्पॉट दिव्यांसाठी बनलेली असतात, तिथे पुलाशिवाय भागत नाही, पण बॅटरीवर तो पूल काहीही न करता दोन डायोडांचे मिळून ०.७५ व्होल्ट खातो. त्यात वायरीचे ०.५६ व्होल्ट मिळवले की आकडा १२.३ येतो. बॅटरीच्या अग्रांवर १२.३ व्होल्ट असतील तरच गोठ्यातला दिवा नियंत्रणात राहणार. शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरलेली असताना १२.७ च्या आसपास असते आणि निम्मी उतरली की १२.२ वर येते. थोडक्यात, निम्मी बॅटरी शिल्लक असतानाच दिव्याच्या दृष्टीने ती संपलेली होती. संध्याकाळी चार तास गोठ्यातला दिवा, रात्रभर अंगणातला एक छोटा दिवा आणि रात्रभर झटका मशीन, एवढे झाल्यावर चार वर्षांची ती बॅटरी साडेतीनला बरोबर त्याच काठावर येऊन उभी राहत होती.

मामींच्या वर्णनातले एक वाक्य अजून उरले होते, ‘दुसऱ्या म्हशीखाली बसंस्तोवर’. त्याचे उत्तर एलईडीच्या तापमानात आहे. पांढरी एलईडी गार असताना तिच्यावर पडणारा दाब जास्त असतो आणि ती तापत गेली तसा तो दर अंशाला दोन-तीन मिलिव्होल्टने उतरतो. दिवा डिसेंबरच्या पहाटे पेटवला त्या क्षणापासून पुरता तापेपर्यंत ३० अंशांचा फरक धरला तर तीन एलईडींचा मिळून तो ०.२ व्होल्टच्या घरात जातो. म्हणजे गार दिव्याला बॅटरीकडून १२.५ हवे असतात आणि दहा-पंधरा मिनिटांनी त्यालाच १२.३ पुरतात. बॅटरी १२.४ वर असेल तर दिवा आधी मिचकावतो, मग तापता तापता शिट्टीच्या अरुंद पट्टीतून जातो, आणि शेवटी नियंत्रणात येऊन गप्प बसतो. मामींनी सांगितलेला क्रम हाच होता, अक्षरशः याच ओळीने. आभाळाच्या दिवसानंतर बॅटरी १२ च्याही खाली असायची, त्यामुळे तापूनही दिव्याला काठ ओलांडता यायचा नाही.

सगळेच ड्रायव्हर काठावर असे वागतात असे नाही. ठरावीक वारंवारितेवर चालणाऱ्या अनेक बक चिपांमध्ये स्विच वरच्या बाजूला असतो, आणि त्याच्या गेटला, म्हणजे त्याला चालू करणाऱ्या पायाला, लागणारा जादा दाब एका छोट्या कपॅसिटरमधून येतो. तो कपॅसिटर पुन्हा भरून घेण्यासाठी स्विचला प्रत्येक आवर्तनात थोडा वेळ बंद व्हावेच लागते. अशा चिपा शंभर टक्के चालू राहूच शकत नाहीत, त्यामुळे त्यांचा काठ आणखी आधी येतो, आणि काही चिपा तिथे आवर्तने गाळू लागतात. त्या मानाने गोठ्यातली ही गरीब चिप बरी, ती काठावरून खाली गेली तरी दिवा विझू देत नाही.

उपायांचा विचार करताना पहिला मोह झाला तो ड्रायव्हरची जातच बदलण्याचा. सहा एलईडी एकसर जोडून निम्म्या प्रवाहावर चालवायच्या आणि बूस्ट, म्हणजे दाब चढवणारा, ड्रायव्हर लावायचा. मग एलईडीचा दाब नेहमीच बॅटरीच्या चार्जिंगच्या १४.४ व्होल्टच्याही वर राहतो आणि काठाचा प्रश्नच मिटतो. पण बूस्टला एलईडीची शक्ती कायम ठेवायची असते, त्यामुळे बॅटरी उतरत गेली तसा तो तिच्याकडून अधिकाधिक प्रवाह ओढतो, वायरीतली घट वाढते, आणि म्हातारी बॅटरी आणखी खोल जाते. बकचा आवक प्रवाह एलईडीच्या प्रवाहापेक्षा जास्त कधी होत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. शिवाय साध्या बूस्टमध्ये एलईडीकडची तार जमिनीला लागली तर बॅटरीपासून तिथपर्यंत कॉइल आणि डायोड यांची सरळ वाट मोकळी असते, आणि गोठ्यात म्हशीच्या शिंगाला वायर अडकणे ही काल्पनिक गोष्ट नाही. दोन्हीकडे चालणारा बक-बूस्ट किंवा सेपिक ड्रायव्हर हे पुस्तकी उत्तर आहे, पण त्याला कॉइल, कपॅसिटर आणि पैसे जास्त लागतात, आणि एरवी बकमध्ये न होणारा थोडा अपव्ययही होतो. हातचे व्होल्ट कमी असताना बक फारसे काही वाया घालवत नाही, ही गोष्ट त्याच्या दोषांच्या यादीत सहसा विसरली जाते.

म्हणून बक तोच ठेवला आणि वाटेतली गळती बुजवली. पूल काढून टाकला, आणि तारा उलट्या लागल्या तर मोड्यूल जळू नये म्हणून त्याच्या जागी पी-चॅनेल मॉसफेट हा इलेक्ट्रॉनिक स्विच बसवला, ज्यावर काही मिलिव्होल्टच पडतात. सेन्स रेझिस्टर ०.१५ ऐवजी ०.२२ ओहमचा केला. त्याने सरासरी प्रवाह ०.४५ अँपिअरवर आला आणि एकाच फटक्यात एलईडीचा दाब, स्विचची घट आणि वायरीची घट अशा तिन्ही गोष्टी कमी झाल्या. प्रवाह तिसऱ्या हिश्शाने उतरला तरी उजेड तेवढा उतरत नाही, कारण कमी प्रवाहाला एलईडी दर वॅटमागे जास्त प्रकाश देते. झटका मशीनला बॅटरीपासून स्वतंत्र वायर दिली. या सगळ्यानंतरची बेरीज अशी झाली: चिपला १०.५५ व्होल्ट, वायरीत ०.३८, म्हणजे दिवा तापलेला असताना बॅटरीकडून १०.९५ पुरेत. कंट्रोलर ११.१ ला बॅटरी तोडतो. गार दिव्याचे ०.२ व्होल्ट धरले तर अगदी शेवटच्या क्षणी दिवा काठाला टेकू शकतो, पण तेव्हा कुंपणाचीच काळजी करायची वेळ आलेली असेल.

मामांना वायरही २.५ चौरस मिलिमीटरची घालायची होती. तिने ०.२ व्होल्टच्या जवळपास वाचले असते. ४० मीटर तांब्याच्या भावात ते मला पटले नाही, आणि मी तसे सांगितले. “मग त्या पैशात बॅटरीच घेऊ की,” ते म्हणाले, आणि त्यांचेच बरोबर होते.

बॅटरी बदलायच्या आधी जानेवारीत एकदा मुद्दाम आभाळाच्या दिवसानंतरची पहाट गाठून मोजणी केली. साडेतीनला बॅटरी ११.६ व्होल्टवर होती. आधीच्या मोड्यूलने अशा वेळी नियंत्रण केव्हाच सोडले असते. दिवा पेटवल्याबरोबर स्विचच्या पायावर ९८ किलोहर्ट्झ दिसले आणि नंतर आकडा एकसारखा वर सरकत राहिला. एलईडी तापत होत्या, त्यांचा दाब उतरत होता, आणि हातचे व्होल्ट वाढत होते. मामी दुसऱ्या म्हशीकडे वळल्या तेव्हा तो १२५ वर थांबला होता. कुंपणाची टक्‌टक् पलीकडे चालूच होती.